पोकळीचे ऋण

सकाळी अंथरुणातून उठून जमिनीवर पाऊल टेकण्यापूर्वी भूमीला हात लावावा आणि त्या पादस्पर्शाबद्दल तिची क्षमा मागावी, असा संस्कार ज्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या चालत आला, त्याच समाजातली माणसे नागपूर-भंडाऱ्याकडच्या मँगनीजच्या खाणींत, झरिया-राणीगंजच्या कोळशाच्या थरांत आणि कोलारच्या सुवर्णशिरांत सुरुंग पेरून पृथ्वीचे अंतरंग फोडीत आली आहेत. आणि पावलाच्या स्पर्शालाही अपराध मानणारी ती प्रार्थना व पाषाणाच्या चिरफळ्या उडवणारा तो स्फोट ह्यांचा मेळ एकाच मनात कसा बसतो, हा प्रश्न आपल्या धर्मचिंतनाने जितक्या गांभीर्याने हाताळायला हवा होता तितक्या गांभीर्याने तो हाताळला गेलेला नाही, असे मला वाटते.

ह्या प्रश्नाला बगल देण्याचे दोन मार्ग रूढ आहेत. एक मार्ग असे सांगतो की, पृथ्वी हे जड द्रव्य आहे, जडाला वेदना नाही, म्हणून तेथे अपराधही नाही, आणि मग उरतो तो केवळ मजुरी, मक्ता व बाजारभाव ह्यांचा हिशेब. दुसरा सांगतो की, खनन हे मुळातच पाप असून माणसाने पृष्ठभागावर जे उगवते तेवढ्यावरच निर्वाह करावा. पहिल्यात विचाराचा आळस आहे. आणि दुसऱ्यात, तो सांगणाऱ्याचा हेतू कितीही शुद्ध असला तरी, एक असत्य दडलेले आहे, कारण ज्या फाळाने ते पृष्ठभागावरचे धान्य पिकते तो फाळ, ज्या सुरीने शल्यवैद्य अडलेल्या बाळंतिणीचे प्राण वाचवतो ती सुरी आणि ज्या घंटेच्या नादावर देवळात आरती सुरू होते ती घंटा, ह्यांतले काहीही कोणीतरी कोठेतरी जमीन उकरल्यावाचून अस्तित्वात आलेले नाही. उदयपूरजवळच्या जावर येथे दोन हजार वर्षांपूर्वीपासून खाणी चालत आल्या. जस्ताची वाफ करून ती पुन्हा थंड करून धातू मिळवण्याची अवघड विद्या तेथे मध्ययुगात सिद्ध झाली. आणि त्याच परिसरात जावरमातेचे स्थान व जैन मंदिरेही उभी राहिली. ज्या समाजाने तो डोंगर पोखरला त्यानेच त्याच्या पायथ्याशी देवता प्रतिष्ठापिल्या, ही गोष्ट दांभिकपणाची म्हणून झटकून टाकता येणार नाही. त्या माणसांना काहीतरी देणे लागत असल्याची जाणीव होती. ते देणे नेमके कशाचे, एवढाच खरा प्रश्न आहे.

ह्या वादाची एक विलक्षण प्रामाणिक नोंद पंधराव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत लिहिल्या गेलेल्या एका लॅटिन पुस्तिकेत आढळते. सॅक्सनीतील एर्झगेबिर्गे ह्या पर्वतराजीत त्या काळी चांदीच्या खाणींची भरभराट चालली होती, आणि तेथल्याच पॉलुस नियाविस नावाच्या विद्वानाने अशी कल्पना केली की, पृथ्वीने देवाधिदेव ज्युपिटरच्या दरबारात माणसावर मातृहत्येची फिर्याद दाखल केली आहे. पृथ्वी हजर होते ती फाटक्या हिरव्या वस्त्रात, अंगावर ठिकठिकाणी जखमा घेऊन, अश्रू ढाळीत. तिच्या बाजूने साक्षी उभे राहतात. धान्यदेवता सेरीस सांगते की शेते उद्ध्वस्त झाली. जलदेवता सांगते की भूगर्भातले प्रवाह वळवल्यामुळे झरे आटले. वनदेवतांची तक्रार अशी की कोळसा पाडणाऱ्यांनी अरण्ये संपवली. पाताळाचा स्वामी प्लूटो गाऱ्हाणे करतो की घणांच्या आवाजाने आपल्याच राज्यात राहणे आपल्याला अशक्य झाले आहे. माणसाची कैफियत थोडक्यात अशी की, जी आपल्या लेकरांपासून धातू लपवून ठेवते ती माता नसून सावत्र आई होय. ज्युपिटर स्वतः निकाल देत नाही, तो खटला दैवाच्या देवतेकडे, फॉर्च्युनाकडे, सोपवतो; आणि तिचा फैसला असा होतो की, पर्वत पोखरणे हे माणसाच्या नियतीतच लिहिलेले आहे, मात्र त्याबद्दल पृथ्वी त्याला गिळील, विषारी वाफांनी तो गुदमरेल आणि असंख्य संकटे त्याच्या वाट्याला येतील.

हा फैसला वाचून माझे समाधान कधीच झाले नाही. त्यात दोषमुक्ती नाही, मनाईही नाही. पण कर्तव्यही कोणाच्याच माथी बसत नाही. माणूस खणत राहणार आणि मरत राहणार, पृथ्वी जखमी होत राहणार आणि सूड घेत राहणार, असा एक अखंड क्रम चालू राहतो, आणि त्यात धर्माला करण्यासारखे काही उरत नाही. त्यानंतर सुमारे साठ वर्षांनी, १५५६ मध्ये, त्याच प्रदेशात वैद्यकी केलेल्या जॉर्ज अॅग्रिकोलाचा खनिविद्येवरचा महाग्रंथ त्याच्या मृत्यूपश्चात प्रसिद्ध झाला, आणि त्याच्या पहिल्याच भागात त्याने खनिकर्मावरील आक्षेपांना उत्तरे दिली. धातू स्वभावतः वाईट नाहीत, त्यांचा उपयोग करणाऱ्याची बुद्धी चांगली-वाईट असते, हे त्याचे म्हणणे कोणालाही पटावे. परंतु त्याच्या आधी दीड हजार वर्षे रोमन ग्रंथकार प्लिनीने मातेच्या उदरात शिरून संपत्ती शोधणाऱ्या माणसाचा जो तीव्र धिक्कार केला होता त्यापासून ह्या उत्तरापर्यंत सारा वाद एकाच वस्तूभोवती फिरत राहिला: खाणीतून जे बाहेर आले ते चांगले की वाईट. खाणीत मागे जे उरले त्याविषयी, म्हणजे त्या पोकळीविषयी, फिर्यादीने फारसे काही मागितले नाही आणि प्रतिवादीनेही काही कबूल केले नाही. माझ्या मते खरे ऋण तेथे आहे.

आपल्याकडे हा विचार अधिक जवळ आला होता. अथर्ववेदातील पृथ्वीसूक्तात खणणाऱ्याची एक प्रार्थना आहे. तिचा आशय असा की, जे उकरले जाईल ते लवकर भरून यावे आणि उकरताना भूमीच्या मर्मस्थानी घाव बसू नये. येथे खणण्याचा निषेध नाही. खणणारा आपले काम करणारच हे गृहीत धरून त्याच्यावर दोन बंधने घातली आहेत, आणि दोन्ही बंधने धातूविषयी नसून जखमेविषयी आहेत. पुराणांतील पृथुराजाची कथा मात्र आपल्याला थोडी भुलवते. पृथूने गोरूप धारण केलेल्या पृथ्वीचा पाठलाग केला, आणि अखेर तिचे दोहन करून प्रजेला अन्न व ओषधी मिळवून दिल्या. ह्या कथेच्या आधारे भूमीपासून जे जे घेतले जाते ते सारे दोहनच होय, असे म्हणण्याचा प्रघात पडला आहे. शेतीला, वनाला, जलाला तो शब्द शोभतो, कारण गाय उद्या पुन्हा पान्हवते. धातूच्या शिरेला तो लावता येत नाही. मँगनीजचे खनिज एकदा काढले की त्या जागी पुन्हा मँगनीज येत नाही. माणसाचे आयुष्य, राजवंशाचे आयुष्य, किंबहुना मानवजातीचे आजवरचे सारे आयुष्य जमेस धरले तरी येत नाही. तेव्हा घेतलेले द्रव्य परत करण्याची भाषा येथे अर्थशून्य ठरते, आणि दोहनाची उपमा देऊन अंतःकरणाची टोचणी शमवणे हा केवळ आत्मवंचनेचा प्रकार होतो.

त्या मानाने सगरपुत्रांची कथा अधिक निर्दय आणि म्हणून अधिक उपयोगी आहे. अश्वमेधाचा घोडा हरवला, पित्याची आज्ञा झाली, आणि साठ हजार पुत्रांनी घोड्याच्या शोधात पृथ्वी खणायला आरंभ केला. रामायणात ह्या खननाचे जे वर्णन आहे त्यात भूमी आक्रंदते, तिच्या पोटातले जीव मारले जातात आणि देव भयभीत होऊन ब्रह्मदेवाकडे धाव घेतात. खणणाऱ्यांचा हेतू दुष्ट नव्हता. ते पित्याच्या यज्ञासाठी राबत होते. तरीही पाताळात कपिलमुनींच्या क्रोधाने त्यांची राख झाली. ह्यापुढचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ती राख त्या खळग्यात पडून राहिली, आणि तिला मुक्ती मिळवून देण्याचे काम सगराला साधले नाही, अंशुमानाला साधले नाही, दिलीपाला साधले नाही; ते भगीरथाला साधले, आणि तेही स्वर्गातून नदी उतरवून, रथामागून वाहत नेऊन, त्याच खणलेल्या विवरात तिला सोडल्यावर. खणणाऱ्या पिढीचा दोष पुढच्या पिढ्यांनी भरून काढला. ह्या कथेकडे आपण भक्तीची आणि तपश्चर्येची कथा म्हणून पाहतो, आणि ती तशी आहेच. पण ती एका पोकळीचा आणि तिच्या भरावाचाही वृत्तांत आहे, आणि तो वृत्तांत खाणीच्या तोंडाशी उभे राहून आठवला म्हणजे त्याचा अर्थ फार वेगळा लागतो.

भूगर्भातील पोकळी म्हणजे केवळ नसलेली वस्तू असे समजणे हे अज्ञान आहे. जमिनीखाली एक किलोमीटर खोलीवर प्रत्येक चौरस मीटर खडकाच्या माथ्यावर सुमारे २,७०० टन वजन असते. त्या ठिकाणचे खनिज काढून घेतले म्हणून ते वजन नाहीसे होत नाही. ते शेजारच्या खडकावर जाऊन बसते. ज्याने काही केले नाही, ज्यातून कोणी काही घेतले नाही, अशा बाजूच्या पाषाणाला आपल्या मूळच्या भाराबरोबर नाहीशा झालेल्या शेजाऱ्याचाही भार उचलावा लागतो, आणि तो भार त्याच्या शक्तीबाहेर गेला म्हणजे खडक कोणतीही पूर्वसूचना न देता फुटतो. कोलारच्या सोन्याच्या खाणींत अशा शिलास्फोटांनी कित्येक माणसांचे बळी घेतले. तेथील चॅम्पियन रीफ ही खाण तीन किलोमीटरहून अधिक खोल गेली होती. त्या तळाशी खडकाचे मूळचे तापमान ६० अंश सेल्सिअसच्या वर होते. आणि तेथे काम करणाऱ्यांनी पोकळीला आधार म्हणून वरून घडीव ग्रॅनाइटचे दगड खाली नेऊन त्यांच्या भिंती बांधल्या. हा प्रकार नीट ध्यानात घेण्यासारखा आहे: सोन्याने भरलेला पाषाण वर येत होता, आणि त्याच्या जागी दुसरा पाषाण खाली जात होता. (त्याच कोलारच्या खोल अंधारात, वरच्या खडकाच्या जाडीने इतर बहुतेक सारे किरण गाळले जातात म्हणून, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आणि जपान व इंग्लंडमधील विद्यापीठांच्या शास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये वातावरणात जन्मणारे न्यूट्रिनो टिपले. माणसाच्या लोभाने उघडलेल्या विवरात ज्ञानाने बसकण मांडली, हे त्या पोकळीचे एक अनपेक्षित पुण्य म्हणावे लागेल.)

जेथे असा दगड खाली गेला नाही तेथे काय होते, हे झरियाने दाखवले आहे. कोळशाचा थर काढताना छत तोलण्यासाठी मधूनमधून कोळशाचेच खांब सोडावे लागतात, आणि खाण संपत आली की ते खांबही काढून नेण्याचा मोह मालकाला होतो. त्या रिकाम्या जागांत वाळू भरावी हे खनिविद्येला फार पूर्वीपासून ठाऊक होते. १९३९ मध्ये सरकारने ह्या भरावासाठी खास कायदा करून खाणीतून रवाना होणाऱ्या कोळशावर कर बसवला, ह्यावरून अडचण ज्ञानाची नसून खर्चाची होती हे उघड होते. भराव न केलेल्या पोकळ्यांतून हवा खेळली, कोळसा आपोआप पेटला, आणि १९१६ मध्ये प्रथम नोंदली गेलेली झरियाची आग शतक उलटून गेले तरी जमिनीखाली धुमसत आहे. घरांच्या भिंती तडकतात, अंगणातून धूर येतो, वस्त्या हलवाव्या लागतात. २७ डिसेंबर १९७५ रोजी चासनाळ्याच्या खाणीत वरच्या जुन्या, सोडून दिलेल्या कामांत साठलेले पाणी मधली भिंत फोडून खाली उतरले आणि ३७५ माणसे बुडून मेली. जुन्या माणसांनी मागे ठेवलेली पोकळी पाण्याने भरत राहिली, आणि ते पाणी नव्या माणसांवर आले. सगराच्या वंशातली राख वाट पाहत पडून होती; येथे पोकळी मुदत संपताच स्वतःच वसुलीला आली.

आता ज्या कामापाशी मला अधिक वेळ थांबावेसे वाटते ते नागपूर आणि भंडारा जिल्ह्यांतील मँगनीजच्या भूमिगत खाणींचे. मनसर, कांद्री, चिखला, गुमगाव ही नावे रामटेकच्या परिसरात फिरणाऱ्याला परकी नाहीत; एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस येथे खनन सुरू झाले, आणि आज ते एका सरकारी कंपनीकडे आहे. ह्या पट्ट्यातील खनिजाच्या शिरा उभ्या उतरत्या आहेत, म्हणून काही खाणींत त्या खालून वर, आडव्या कापांनी काढतात. एक काप काढून झाला की तेथे एक मोकळा कप्पा उरतो. मग वरून पाइपांतून पाण्याबरोबर वाळू सोडली जाते. कप्प्याच्या तोंडाशी घातलेल्या बांधातून पाणी झिरपून निघून जाते, ते खालच्या टाकीत गोळा होते आणि पंपाने पुन्हा वर नेले जाते. वाळू मात्र आत बसते, घट्ट होते आणि तिची जमीन तयार होते. खाणीत ह्याला स्टोइंग म्हणतात. पुढची पाळी त्या वाळूच्या जमिनीवर उभी राहून डोक्यावरच्या खनिजात सुरुंगाची भोके पाडते, आणि दुसरा काप निघतो. पुन्हा भराव, पुन्हा जमीन, पुन्हा काप.

ह्या क्रमात जी नैतिक रचना आहे ती मला अनेक प्रवचनांहून अधिक स्पष्ट वाटते, आणि ती कोणी उपदेश म्हणून सांगितलेली नाही, कामाच्या गरजेने घडवली आहे. येथे परतफेड ही काम संपल्यानंतरची गोष्ट नाही. परत केल्यावाचून पुढे घेताच येत नाही. छत इतके उंच राहते की वाळूच्या उंचवट्यावर उभे राहिल्याविना कामगाराचा हात त्याला पोहोचत नाही, आणि बाजूच्या भिंतींना वाळूचा रेटा नसेल तर त्या ढासळतात. कर्ज काढून उपभोग घ्यायचा आणि फेडीचे पुढच्या पिढीवर सोपवायचे, हा व्यवहार येथे चालत नाही, कारण ऋणको ज्या जमिनीवर उभा आहे ती जमीनच त्याच्या आजवरच्या परतफेडीची बनलेली असते. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात जो यज्ञचक्राचा विचार आहे, देवांनी दिलेले त्यांना न देता भोगणाऱ्याला जेथे चोर ठरवले आहे, त्याचे इतके तंतोतंत भौतिक रूप मला अन्यत्र आढळलेले नाही. त्या खाणीतला माणूस हे चक्र बुद्धीने जाणत असो वा नसो, त्याचे पाय त्यावर टेकलेले असतात.

पण येथेही प्रश्न संपत नाही, आणि तो संपवण्याची घाई करणे अप्रामाणिकपणाचे होईल. ती वाळू येते कोठून? ती नदीपात्रातून येते. मँगनीजच्या पोकळीत जी जमीन तयार झाली तिच्यासाठी दुसरीकडे नदीचा तळ उघडा पडला; एका देणेकऱ्याचे फेडण्यासाठी दुसऱ्याकडून उचल घेतली गेली. म्हणून अलीकडच्या खनि-अभियांत्रिकीच्या संशोधनाचा एक मोठा भाग ह्याच कामी खर्च होतो की, नदीला हात न लावता भराव कशाने करावा: खाणीवरच्या टाकाऊ दगडाची भरड करून, वीजकेंद्रांच्या राखेने, किंवा खनिज दळून झाल्यावर उरलेल्या गाळात सिमेंट मिसळून त्याचा लगदा आत सोडून. नागपूरच्या आसपासच्या उघड्या कोळसाखाणींच्या वरच्या मातीदगडातून वाळू वेगळी काढण्याचे कामही सुरू झाले आहे. वरवर पाहता हे रुक्ष तांत्रिक प्रयोग आहेत: दाण्यांचा आकार किती असावा, पाणी किती वेळात निथळावे, लगद्याने किती दिवसांत किती भार पेलावा. ज्या शास्त्रज्ञाचे आयुष्य ह्या मोजमापांत गेले तो पृथ्वीसूक्तातल्या प्रार्थनेच्या पूर्वार्धासाठीच झटला, असे मी मनापासून मानतो.

तथापि संपूर्ण परतफेड अशक्य आहे, आणि तिला कारण कोणाची दानत नसून पदार्थाचा स्वभाव आहे. अखंड खडक फोडला म्हणजे तो फुगतो. त्याच्या तुकड्यांना मूळच्या जागेच्या सव्वापट-दीडपट जागा लागते. धातू मिळवण्यासाठी तो पिठासारखा दळला तर त्या पिठातले निम्म्याच्या आसपासच परत त्या विवरात मावते. उरलेले जमिनीवरच राहते. सोन्याच्या खाणीत तर टनभर पाषाणामागे हाती येते ते काही ग्रॅम, आणि कोलारने सव्वाशे वर्षांत जे सुमारे ८०० टन सोने दिले त्याची सावली म्हणून दळलेल्या, सायनाइडने धुतलेल्या गाळाच्या पांढरट टेकड्या तेथे उभ्या आहेत. गोव्यात लोहखनिजाच्या एका टनामागे अडीच-तीन टन माती-दगड काढून बाजूला रचावा लागतो. डिचोली, सांगे आणि सत्तरीच्या डोंगरउतारांवर रचलेल्या ह्या डंपांवरून पावसाळ्यात लाल गाळ भातखाचरांत आणि ओहोळांत उतरत राहिला. २१ एप्रिल २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तेथल्या खनिजाच्या विक्रीतील दहा टक्के रक्कम भावी पिढ्यांसाठी कायम निधीत ठेवण्याचा आदेश दिला, तेव्हा एका न्यायासनाने ह्या व्यवहारात अजून न जन्मलेल्यांनाही पक्षकार मानले.

वेल्समधील ॲबरफान गावावर २१ ऑक्टोबर १९६६ च्या सकाळी कोळसाखाणीच्या राबिटाचा ढिगारा घसरून आला आणि १४४ माणसे मेली. त्यांतली ११६ लहान मुले होती, आणि बहुतेक आपल्या शाळेत नुकतीच येऊन बसली होती. तो ढीग एका झऱ्यावर रचला होता, आणि तो झरा नकाशावर नोंदलेला होता. चौकशी समितीला कोणाचा दुष्ट हेतू आढळला नाही. तरीही तिने राष्ट्रीय कोळसा मंडळाला दोषी धरले. हेतू शुद्ध असूनही दोष लागतो, हे सगरपुत्रांच्या कथेतले कठोर तत्त्व, ज्याविषयी आपल्यातल्या अनेकांच्या न्यायबुद्धीला खंत वाटत आली आहे, ते त्या गावापुढे उभे राहिले की समजते. हजारो टन द्रव्य एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी ठेवणाऱ्याला नकळत झाले असे म्हणण्याचा अधिकार उरत नाही. त्याच्या कामात जाणून घेणे हेच पहिले कर्तव्य असते, आणि खालच्या झऱ्याची चौकशी न करणे हा अधर्माचा एक प्रकार असतो.

मग खाणीच्या तोंडाशी जो नारळ फुटतो, जे देवघर असते, त्याचे काय? बोलिव्हियातील पोतोसीच्या डोंगरात खाणकामगार बोगद्यातल्या 'तिओ' नावाच्या मूर्तीपुढे मद्य, कोकाची पाने आणि पेटवलेली सिगारेट ठेवतात. युरोपात ४ डिसेंबरला बोगदे खणणारे संत बार्बराचा उत्सव करतात. आपल्याकडे बोगद्याच्या मुखाशी देवीची स्थापना झाल्यावाचून पहिला सुरुंग लागत नाही. खंडाळ्याच्या जुन्या घाटरस्त्यावर शिंग्रोबाचे देऊळ आहे. घाटाची वाट दाखवणाऱ्या धनगराला इंग्रजांनी मारले अशी आख्यायिका सांगतात, आणि येणारेजाणारे चालक अजून तेथे नाणे टाकतात. ह्या साऱ्याला भोळेपणा म्हणून हसणारा मनुष्य मला उथळ वाटतो. जो तीनशे मीटर खडकाखाली उभा राहतो त्याला आपण दुसऱ्याच्या घरात विनापरवाना शिरलो आहोत हे कळते, आणि तो ते कबूल करतो. ऋणाची कबुली ही फेडीची पहिली पायरी असते, आणि जे कागदावरच्या नफ्यातोट्यात हे ऋण लिहीतच नाहीत त्यांच्यापेक्षा हा नारळ फोडणारा धर्माच्या अधिक निकट असतो. मात्र कबुली देऊन भराव टाळला तर तो नारळ देवाला लाच ठरतो. आणि छताला टेकू न देता देवीला साकडे घालणारा मुकादम आपल्या माणसांचा आणि देवीचा असा दोघांचाही अपराधी होतो.

खणणाऱ्या माणसांचे ऋण तर वाळूने फिटणारे नाहीच. १८५६ पासून १८६३ पर्यंत बोरघाटात रेल्वेचे पंचवीस बोगदे खणले गेले, एके काळी तेथे चाळीस हजारांहून अधिक मजूर राबत होते, आणि पटकी, ताप व कोसळत्या दरडी ह्यांनी त्यांतले किती गेले त्याची नावनिशीवार नोंद कोणी ठेवली नाही. कोकण रेल्वेच्या बांधणीत जी ७४ माणसे मरण पावली त्यांचे स्मारक रत्नागिरीत उभारले गेले, ही त्या मानाने मोठीच सुधारणा. ज्या बोगद्यातून आपण जातो तो कोणाच्या श्वासाच्या किमतीने मोकळा झाला हे निदान नावाने माहीत असणे, एवढे तरी प्रवाशाकडून घडावे. मृताला काही परत देता येत नाही. जिवंताला मात्र पुढचा बोगदा खणताना हवा, प्रकाश, वेळेवर मारलेले बोल्ट आणि धोका वाटल्यास काम थांबवण्याचा हक्क देता येतो.

बोगदा आणि खाण ह्यांच्यात आणखी एक भेद आहे. खाणीची पोकळी भरून टाकता येते. बोगद्याची पोकळी रिकामी राहण्यासाठीच केलेली असते. म्हणून तिचे ऋण कधीच चुकते होत नाही. ते दर पावसाळ्यापूर्वी फेडावे लागते आणि पावसाळ्यानंतर पुन्हा चढते. घाटातले रेल्वेचे कामगार दरवर्षी उन्हाळ्यात दोरांवर लोंबकळत सैल झालेले दगड हुडकून पाडतात आणि अस्तरातली गळती तपासतात, ते हेच हप्ते आहेत.

खाणींच्या बाबतीतही असे न संपणारे हप्ते असू शकतात, हे जर्मनीने कायद्याने मान्य केले आहे. रूहरच्या खोऱ्यात दगडी कोळशाची शेवटची खाण २१ डिसेंबर २०१८ रोजी बंद झाली; परंतु पिढ्यान्‌पिढ्यांच्या खननामुळे तेथील जमीन काही ठिकाणी वीस मीटरहून अधिक खचली आहे, आणि पंप थांबले तर शहरांचे सखल भाग पाण्याखाली जातील. म्हणून २००७ मध्ये एक प्रतिष्ठान स्थापून, कोळशाच्या उद्योगातून मिळालेली मालमत्ता त्याच्या हवाली करून, ते पाणी उपसत राहण्याचे काम कोणतीही अंतिम मुदत न घालता त्याच्यावर सोपवले गेले. कोलारला असे कोणी नव्हते. २००१ मध्ये खाण बंद झाली, उपसा थांबला, आणि विवरे पाण्याने भरत गेली. गाळाच्या टेकड्यांवरची धूळ उन्हाळ्याच्या वाऱ्यावर वस्तीत येत राहिली. वर्धा नदीच्या खोऱ्यात, चंद्रपूर-बल्लारपूरच्या परिसरात, आज कोळसा विकला जात आहे तोवरच प्रत्येक टनामागे काही रक्कम बाजूला काढून ह्या उपशाची, भरावाची आणि देखरेखीची तजवीज झाली पाहिजे, आणि ती रक्कम ज्याच्या हाती राहील त्याचे नाव कोळशाचा शेवटचा थर निघण्यापूर्वी दस्तऐवजात नोंदलेले असले पाहिजे.